शरीरालाही वाफसा हवा

गेल्या खरिपातली, पोळ्याच्या आधीची गोष्ट. शहादा तालुक्यातल्या एका गावी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसंबंधी शेतकऱ्यांची बैठक होती. मारुतीच्या पारावर पुरुषमंडळी आणि थोड्या अंतरावर, निंदणीवरून नुकत्याच परतलेल्या बाया पदर सावरून बसल्या होत्या. कामगंध सापळे कसे लावावेत, डोमकळी कशी ओळखावी, निंबोळी अर्क घरी कसा करावा, हे सगळे सांगून झाले. नेहमीच्या सवयीने मी विचारले, "कुणाला काही शंका?"

पुरुषांतून कुणी बोलले नाही. मागून एका वहिनींचा आवाज आला, "साहेब, कपाशीले फवारणी सांगी. मनी कंबर दुखस, तिले कोणती फवारणी?"

सगळी बैठक हसली. मीही हसलो. त्या वहिनी मात्र हसत नव्हत्या. बैठक संपल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून गोळ्यांचे अर्धे पाकीट काढून दाखवले. रोज संध्याकाळी दुकानातून आणलेली एक गोळी घेतली तरच रात्री पाठ टेकता येते, म्हणाल्या. किती दिवसांपासून? तर "मागल्या दिवाळीपासून."

परत येताना मोटारसायकलवर मला माझी आई आठवत राहिली. तिनेही आयुष्यभर निंदणी केली, कापूस वेचला, डोक्यावरून पाणी वाहिले. साठी उलटायच्या आत ती इतकी वाकली होती की समोरच्या माणसाचे तोंड पाहायला तिला मान तिरकी करावी लागे. आम्ही म्हणायचो, वय झाले. मी कृषी पदवीधर, बियाण्याची, खताची, जमिनीची काळजी कशी घ्यावी हे गावोगाव सांगत फिरणारा. पण ज्या पाठीवर ही सारी शेती उभी आहे, तिच्याबद्दल मी आईलाही कधी दोन शब्द सांगितले नाहीत. मला ते माहीतच नव्हते.

आज थोडेफार माहीत झाले आहे. तेच या लेखात मांडतो.

"राबतो तोच व्यायाम!"

योग म्हटले की आपल्याकडे पहिले उत्तर हे येते. "साहेब, दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला? ते शहरातल्या बसून खाणाऱ्यांसाठी." वरवर पाहता हे खरे वाटते. पण शेतीतलेच एक उदाहरण घेऊ.

एकाच खोलीवर वर्षानुवर्षे नांगर चालवला, वरून ट्रॅक्टरचे वजन पडत राहिले, की नांगराच्या तळाखाली एक कठीण थर तयार होतो. वरची माती भुसभुशीत दिसते, पण मुळे खाली उतरत नाहीत, पाणी मुरत नाही, पावसात शेत उपळते आणि उघाडीत पीक लवकर माना टाकते. जमिनीवर कष्ट कमी झाले म्हणून असे होत नाही. एकाच जागी, एकाच तऱ्हेने कष्ट होत राहिले म्हणून होते.

शरीराचेही असेच आहे. निंदणीत दिवसभर पुढे वाकणे, मिरची तोडणीत मान खाली आणि बोटांची सततची चिमूट, फवारणीत पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप आणि एका हाताने दांडा, केळीचा घड एकाच खांद्यावर. स्नायू काम करताना आखडतो आणि काम झाले की सैल होतो, हा त्याचा धर्म. पण तासन्‌तास तो आखडलेलाच राहिला, तर त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुरेसे खेळत नाही आणि स्नायू दुखू लागतो. दुखले की शरीर ती जागा सांभाळायला आणखी ताठ धरते. ताठ धरली की आणखी दुखते. कष्टाने शरीर बळकट होते हे खरेच, पण एकाच दिशेच्या कष्टाने त्यात असा कठीण थर बसतो.

पाठीच्या कण्यातल्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात, गाडीच्या चाकाला रबर असावे तशा. स्वीडनचे डॉ. नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. सरळ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो दाब वाढतो आणि वाकून हातात वजन घेतले की आणखी वाढतो, असे त्यांना आढळले. आपली निंदणी, वेचणी, लावणी ही सारी कामे वाकूनच असतात. म्हणून उलट दिशेची हालचाल आणि विसावा हे शेतकऱ्याला शहरातल्या माणसापेक्षा जास्त लागतात, कमी नाही.

काळजीही स्नायूतच साठते

ओझे डोक्यावरचेच असते असे नाही. सोसायटीचे कर्ज, ऐन फुलोऱ्यात लांबलेला पाऊस, पथारीवर मिरची वाळत असताना आलेले आभाळ, मुलीचे लग्न, ऊसतोडीला गुजरातेत गेलेला मुलगा. मनात काळजी आली की शरीर धोक्याची तयारी करते. श्वास आखूड होतो, दात आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, मुठी घट्ट होतात. वाघ समोर आला असता, तर या तयारीचा उपयोग होता. पळालो असतो किंवा लढलो असतो आणि शरीर पुन्हा सैल झाले असते. कर्जापासून पळता येत नाही आणि पावसाशी लढता येत नाही. तयारी मात्र तशीच राहते, दिवस न्‌ दिवस. मग अंथरुणावर पडल्यावरही खांदे उचललेलेच असतात आणि सकाळी उठतो ते दमलेलेच.

अमेरिकेतले डॉ. एडमंड जेकबसन यांनी स्नायूंतले सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजून हेच दाखवले. माणूस "मी आराम करतोय" म्हणतो, तेव्हाही त्याचे स्नायू पूर्ण सैल झालेले नसतात. त्यांचे यावरचे पुस्तक १९२९ साली निघाले. त्यांचा उपायही सोपा होता. एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे ताण कसा असतो आणि सैल कसे असते, यातला फरक माणसाला कळू लागतो.

वारसा आपल्याच मुलखाचा

ही विद्या परक्या मुलखातून आणावी लागेल असे मात्र नाही. आपल्या अक्राणी तालुक्यातल्या तोरणमाळला गोरक्षनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला आपल्यापैकी कितीतरी जण पायी घाट चढून जातात. हठयोगाचा जो प्रसिद्ध ग्रंथ सुमारे पंधराव्या शतकात स्वात्माराम यांनी लिहिला, त्या 'हठयोगप्रदीपिके'त या विद्येचे आचार्य म्हणून याच मत्स्येंद्र आणि गोरक्ष या नाथांची नावे येतात. मत्स्येंद्रासन तर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच ग्रंथात शवासनही सांगितले आहे. जमिनीवर उताणे निजणे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो, एवढेच तिथे म्हटले आहे.

या विद्येला प्रयोगशाळेत नेणारा पहिल्या फळीतला माणूसही खानदेशच्या मातीत वावरला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ साली डभोईला. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामविद्या घेतली आणि नंतर अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापनाचे काम केले. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जी नर्मदा वाहते, तिच्याच काठी खाली गुजरातेत मालसर म्हणून गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. पण "गुरूने सांगितले म्हणून खरे" एवढ्यावर ते थांबले नाहीत. आसनाने आणि श्वासाने शरीरात नेमके काय होते, हे क्ष-किरणांच्या आणि यंत्रांच्या साहाय्याने तपासायचे, असे त्यांनी ठरवले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. आपल्या कृषी विद्यापीठात एखादे वाण जसे प्लॉट पाडून, मोजून मापून तपासतात, तोच हा मार्ग.

पुढे १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाब वाढलेल्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पद्धत अगदी साधी होती. उताणे निजायचे, पोटाने सावकाश श्वास घ्यायचा आणि नाकपुडीत आत येणारी हवा थंड लागते, बाहेर जाणारी कोमट लागते, एवढ्याकडेच लक्ष ठेवायचे. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि कित्येकांना पूर्वीपेक्षा कमी औषध पुरू लागले. मात्र हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, हे विसरू नये. आपल्या मनाने गोळ्या बंद करायला हा आधार नाही.

आता जगभर योग पोचला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो पाळला जातो. शाळांच्या मैदानावर मुले आसने करतात, फोटो निघतात. त्या दिवशी आपण मात्र बहुधा पेरणीच्या घाईत असतो. म्हणूनच शेतकऱ्याचा योग मैदानावरून बांधावर आणायला हवा.

आधी ओळख, मग इलाज

मला स्वतःला हे कसे कळले ते सांगतो. तीस वर्षे मोटारसायकलवरून फिरून माझी मान आणि उजवा खांदा धरला होता. धडगावचा घाट उतरलो की हात सुन्न होई. डॉक्टरांनी फोटो काढला. "हाड ठीक आहे, स्नायू आखडलेत," म्हणाले आणि एका योगशिक्षकांकडे पाठवले. मला वाटले, आता हे डोक्यावर उभे करणार. त्यांनी मला नुसते उभे केले आणि म्हणाले, "खांदे खाली सोडा."

मी म्हणालो, "खालीच आहेत की."

त्यांनी काही न बोलता माझ्या खांद्यांवर दोन्ही तळहात हलकेच ठेवले. खांदे बोटभर खाली गेले. ते खांदे मी वर धरून ठेवले होते आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता! त्या दिवशी मला कळले की दुखण्याच्या आधी एक गोष्ट असते, धरून ठेवणे. आणि आपण धरून ठेवले आहे हे कळल्याशिवाय सोडता येत नाही.

शेतकऱ्याला हे सांगणे सोपे आहे. पावसानंतर आपण शेतात जातो, मूठभर माती हातात घेतो, दाबतो, सोडतो. चिखल आहे का? ढेकूळ आहे का? की वाफसा आला? ओल्यात औत घातले तर जमीन चोपते, वाळल्यावर घातले तर फाळ लागत नाही. वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही, हाताची सवय लागते. शरीराचाही वाफसा असाच ओळखायचा. फार ताठही नाही आणि गळून गेलेलेही नाही, अशी ती मधली स्थिती.

त्यासाठी कामात असतानाच, दिवसातून चार-सहा वेळा, स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. दात आवळलेत का? खांदे वर चढलेत का? श्वास छातीतच अडकलाय का? विळ्याची किंवा खुरप्याची मूठ गरजेपेक्षा घट्ट धरली आहे का? दोन्ही पायांवर सारखा भार आहे का? जिथे "हो" येईल तिथे सोडायचे, आणि भार एका पायावर असेल तर दोन्हींवर वाटून घ्यायचा. एवढ्याला अर्धे मिनिटही लागत नाही आणि काम थांबवावे लागत नाही.

बांधावरची पाच मिनिटे

निंदणीची एक पात संपली, वेचणीची एक ओळ संपली, की बांधावर उभे राहून पुढील गोष्टी कराव्यात. अंगावरचे कपडे बदलायला नकोत, पथारी अंथरायला नको.

१. पाय थोडे अंतरावर ठेवून सरळ उभे राहा. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचला. मनात तीन अंक मोजा. श्वास सोडत खांदे एकदम सोडून द्या. असे पाच वेळा करा.

२. दोन्ही हात कमरेवर मागून टेकवा. गुडघे किंचित सैल ठेवा. छाती वर उचलत हळूच मागे झुका, झेपेल तेवढेच. मान झटकू नका. परत सरळ या. पाच वेळा. दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला ही उलटी हालचाल फार मोलाची आहे.

३. श्वास घेत दोन्ही हात वर ताणा, बोटे एकमेकांत गुंतवा, टाचा जमिनीवरच राहू द्या. विहिरीतून बादली ओढताना अंग ताणते तसे वरच्या दिशेने ताणून घ्या. श्वास सोडत हात खाली. तीन वेळा. हेच ताडासन.

४. मुठी घट्ट आवळा, तीन अंक मोजा, बोटे पूर्ण पसरून सोडा. मनगटे दोन्ही बाजूंनी फिरवा. मिरची तोडणाऱ्या आणि पथारीवर देठ खुडणाऱ्या भगिनींनी हे विसरू नये.

५. शेवटी सावलीत दहा सावकाश श्वास. श्वास घेताना पोट फुगू द्या, सोडताना बसू द्या. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास कोंडून धरू नका.

एक सूचना कृषी विभागाचा माणूस म्हणून करतो. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकत्याच फवारलेल्या शेतात दीर्घ श्वसन करू नये. आधी हातपाय-तोंड साबणाने धुवा, कपडे बदला, मग पुढचे. मिरचीच्या पथारीजवळही नको. तिथे श्वास कमी आणि ठसका जास्त होईल!

रात्रीची वीस मिनिटे

जेवणाआधी किंवा जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, जमिनीवर गोधडी अंथरून पुढील क्रम करावा.

पहिले मार्जरासन. गुडघे आणि तळहात टेकून मांजरासारखे चार पायांवर या. श्वास सोडत पाठ वर उचला, मांजर अंग उभारते तशी. श्वास घेत पाठ हळूच खाली जाऊ द्या. सात-आठ वेळा, झोका द्यावा तसे सावकाश.

दुसरे शशांकासन. तिथूनच टाचांवर बसा, कपाळ जमिनीकडे न्या, हात पुढे सोडा. कपाळ टेकत नसेल तर खाली घडी घातलेले लुगडे ठेवा. पाच-सहा श्वास तसेच राहा. गुडघे दुखत असतील तर हे आसन सोडून द्यावे.

तिसरे मकरासन. पालथे झोपा, हाताची घडी करून तिच्यावर कपाळ टेका, पाय अंतरावर सैल सोडा. पोट जमिनीला दाबते आणि सुटते, तिकडे लक्ष द्या. दोन-तीन मिनिटे. ज्यांना बरे वाटते त्यांनी पुढे हलके भुजंगासन करावे, म्हणजे कोपर जमिनीवर ठेवून छाती फक्त वीतभर उचलावी.

चौथे पवनमुक्तासन, एका पायाचे. उताणे होऊन एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे आणा, दुसरा पाय सरळ. तीन श्वास. मग दुसरा पाय. कंबर सैल व्हायला हे चांगले.

शेवटी शवासन, आणि हेच खरे पीक. उताणे निजा. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी घ्या. हात अंगापासून दूर, तळवे वर. आता पाण्याचे बारे देतो तसे एकेक वाफ्यात लक्ष सोडायचे. पायाची बोटे आवळा, सोडा. पोटऱ्या आवळा, सोडा. मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ, असे क्रमाने वर या. एक वाफा भिजल्याशिवाय दुसऱ्याचे तोंड उघडू नये. सारे सोडून झाले की नाकपुडीतला थंड-कोमट श्वास पाहत दहा मिनिटे पडून राहा. मन कर्जाकडे, पावसाकडे पळेल. पळू द्या, आणि चुकलेले वासरू दाव्याला आणतो तसे पुन्हा श्वासाकडे आणा. झोप लागली तर लागू द्या, शेतकऱ्याला ती कमाईचीच आहे.

इथे सावध राहा

योग हा सर्व रोगांवरचा उतारा नाही. कमरेतून कळ पायात उतरत असेल, पाय लुळा किंवा बधिर पडत असेल, लघवी-संडासावरचा ताबा जात असेल, तर आसने करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. छातीत दुखणे, डाव्या हातात कळ, घाम, ही स्नायूची दुखणी समजू नयेत. गरोदर स्त्रिया, अंडउतार म्हणजे हर्निया असलेले, शस्त्रक्रिया झालेले, रक्तदाबाचे आणि मणक्याचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. त्यात हाडे-सांधे अचानक असह्य दुखतात, ताप येतो, अंग पिवळे पडते. हा थकवा नव्हे आणि आखडलेला स्नायूही नव्हे. अशा वेळी ताणाताण करू नये, भरपूर पाणी पाजावे आणि दवाखान्यात न्यावे. घरात कुणाला वारंवार असे होत असेल तर रक्त तपासून घ्यावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू झाली आहे, आशाताईंकडे चौकशी करावी.

आणि ती दुकानातली गोळी! वेदनाशामक गोळी कधीतरी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठीक आहे. रोज, महिनोन्‌महिने, उपाशीपोटी घेतली तर पोटात व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका जास्त. गोळीने दुखणे गप्प बसते, पण त्याचे कारण तसेच राहते.

कामाचीही फेरपालट

एकाच शेतात वर्षानुवर्षे कपाशी घेऊ नये, फेरपालट करावी, असे आम्ही सांगतो. कामाचीही फेरपालट करा. दोन तास वाकून निंदणी झाली की उभ्याने करायचे काम घ्या. बसून कामासाठी लाकडी पाट किंवा छोटे स्टूल घ्या. सायकल कोळप्याने दोन ओळींतले तण उभ्याने निघते, पाठ वाचते. दातेरी पात्याचा वैभव विळा कापणीला कमी जोर घेतो. कापूस वेचताना ओटी एका बाजूला लोंबू देऊ नका, भरण्याआधीच रिकामी करा. फवारणीचा पंप दोन्ही खांद्यांवर घ्या, पट्टे सारखे बांधा आणि काठोकाठ भरण्याऐवजी एक खेप जास्त करा. ओझे उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यांत बसा आणि ओझे अंगाशी धरून उठा. मोळी, घागर, घड, सगळ्यांना हा एकच नियम.

वेळ कुणी द्यायचा?

आता त्या वहिनींचे सांगतो. मी त्यांना आधी ग्रामीण रुग्णालयात तपासून यायला सांगितले. डॉक्टरांनी नस दबलेली नाही असे सांगून रोजची गोळी थांबवायला सांगितली. मग अंगणवाडीताईंना मी हा क्रम शिकवला आणि त्यांनी संध्याकाळी अंगणवाडीच्या खोलीत, दार लावून, आठ-दहा जणींना शिकवला. पहिल्या आठवड्यात सगळ्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात तिघी. ताईंनी कारण विचारले, तर उत्तर एकच: वेळ नाही. शेतातून आल्यावर पाणी, सरपण, भाकरी, पोरे, गुरे. पुरुष त्या वेळी पारावर असतात.

मी पुढच्या बैठकीला पुरुषांना सरळ विचारले, "बैल दिवसभर चालवल्यावर संध्याकाळी त्याला तुम्ही काय करता?" म्हणाले, "जू काढतो, पाठ चोळतो, पाणी दाखवतो, चारा टाकतो, बसू देतो." मी म्हणालो, "आणि घरातल्या बाईला?" पारावर बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी एक आबा काठी टेकत म्हणाले, "पोरांनो, संध्याकायचं पाणी तुम्ही आणा."

सगळ्यांनी आणले असे नाही. पण काहींनी आणले. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत मी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा अंगणवाडीत सात जणी येत होत्या. त्या वहिनी बांधावर भेटल्या. मी विचारले, "कंबर काय म्हणते?"

म्हणाल्या, "दुखणं समदं गेलं नाही, साहेब. पण आता ते यायच्या आधी मला समजतं. खांदा चढला की मी थांबते." गोळी पोळ्यापासून बंद होती.

"आणि संध्याकाळचं पाणी?"

त्यांनी हनुवटीनेच बांधाकडे दाखवले. त्यांचे यजमान कापसाचे गाठोडे बैलगाडीत टाकत होते. त्यांनी ऐकले, मान वर केली नाही, पण थोडेसे हसले.

वाचकहो, हा अंक घरात ज्याला वाचता येते त्याने आज रात्री मोठ्याने वाचावा, आणि वाचून झाला की गोधडी अंथरून सगळ्यांनी मिळून फक्त शवासन करून पाहावे. बाकीची आसने उद्यापासून. आणि उद्या संध्याकाळी पाण्याची पहिली खेप कोण आणणार, हेही आजच ठरवून टाकावे.